चेटकिणीची घुगरी

आमची शाळा सेनगाव तालुक्याच्या टोकाला आहे. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. निजामाच्या काळी इथे हद्द होती आणि येणारा-जाणारा माल अडवायला करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. त्या हद्दीवरचा एक भयपट काढायला पुण्याची मंडळी आली. इथल्या चालीरीती कोण सांगेल, असे त्यांनी विचारले तेव्हा मुख्याध्यापकांनी माझे नाव सुचवले.

मी दोनशे पानी वही आणली, समास आखले, पोशाख, सण, अवजारे, शिव्या असे भाग पाडले. चार रविवार त्यात गेले. चित्रपट संपल्यावर पडद्यावर जी नावे येतात, त्यांत आपलेही यावे, ही इच्छा मी कुणाजवळ बोलले नव्हते.

दिग्दर्शकाने कथा सांगितली. मिठाचे बैल हाकणारी एक लमाणीण नाक्यावर अडवली जाते, तिथेच मरते आणि पुढे वाटसरूंना धरते. मी मान डोलावली. तेवढ्यात आमची तिसरीची शिक्षिका हजेरीपटावर सही घ्यायला आली. ती लमाणांच्या तांड्यावरची, माझीच जुनी विद्यार्थिनी. बाकी सारे मला मॅडम म्हणतात. ती अजून बाई म्हणते. दिग्दर्शकाने सहज तिलाही कथा ऐकवली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण भूत आमचंच काहून?"

"म्हणजे?"

"न्हाई, अडवणारा नाकेदारबी मेलाच असंल की कधी. त्यानं काहून होऊ न्हाई भूत? त्याला पेन्शन लागली व्हती का?"

सगळे हसले. मीही हसले.

"चौथीत गॅदरिंगच्या नाटकात बाईंनी मला चेटकीण केलं व्हतं," ती पुढे म्हणाली. "याडीची घुगरी घालून." याडी म्हणजे तिची आई. गालांवर लोंबणारी चांदीची घुगरी तांड्यात लग्न झाल्यावरच घालतात, हे तिने दिग्दर्शकाला समजावून सांगितले. "मी नऊ वर्षांची! याडी पहिल्या रांगेत बसली व्हती, ती उठून पार मागं गेली."

"मग दिलीच कशाला?" दिग्दर्शकाने विचारले.

"बाईंनी मागितली. बाईंना न्हाई कसं म्हणावं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. आमच्या स्नेहसंमेलनात चेटकीण आणि दरोडेखोर तांड्याच्या मुलांकडे जात, राजा आणि डॉक्टर गावातल्या मुलांकडे. कपडे त्यांच्या घरीच असतात, असे कारण मी देत असे. फेटाही तांड्यात घरोघरी होता. राजा निवडताना मात्र मला तो कधी आठवला नाही.

चालीरीती सांगायला त्यांनी तिला नेमले. माझी वही दिग्दर्शकाने चाळली, "फार उपयोगी" म्हणून परत केली.

त्यानंतरचे माझे वागणे जसे होते तसे लिहिते. तिला न्यायला गाडी आली की मी वर्गाची खिडकी लावून घेई. ज्येष्ठ म्हणून तिचे टाचण तपासणे माझ्याकडे होते. एका आठवड्यात ते मी तीनदा परत पाठवले. एकदा तर निव्वळ समास अरुंद आहे म्हणून. ती दर वेळी नव्याने लिहून आणी आणि "बघा बाई, आता बराबर हाय का," असे विचारी. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणाले, "आजकाल जात बघून काम मिळतं." बोलून झाल्यावर माझ्या चेटकिणी मला आठवल्या, पण वाक्य मी मागे घेतले नाही.

चित्रपट लागला तेव्हा शाळेतले आणि तांड्यावरचे आम्ही सगळे हिंगोलीला गेलो. ती माझ्या शेजारी बसली. भूत आता नाकेदाराचे होते; पांढऱ्या कोटातला तो म्हातारा अंधारातून "मालात काय आहे?" असे विचारी आणि थिएटर गप्प होई. लमाणीण शेवटपर्यंत जगली. बैल घेऊन ती नदी उतरली तेव्हा तिच्या गालांवर घुगरी हलत होती, आणि मागच्या रांगांतून तांड्याच्या बायका मोठ्याने काही बोलल्या. मला ते समजले नाही. इतकी वर्षे त्यांच्या मुलांना शिकवून समजले नाही.

नावे सरकू लागली. तिचे आले. शिट्ट्या वाजल्या. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले.

दिवे लागले. "बाई," तिने सवयीने विचारले, "घुगरी बराबर दाखवली ना?"

बरोबर, असे म्हणायला जीभ उचललीच होती. आयुष्यभर मी तेच करत आले आहे.

"मला नाही माहीत गं," मी म्हणाले. "तुझ्या आईला विचार."