सुभद्राबाईंची अर्धी बाटली

उमरेडच्या सुभद्राबाई चाळीस वर्षं हातमागावर बसल्या, पण त्यांनी कधी एकटीनं चहा प्यायल्याचं कोणी पाहिलेलं नाही. समोरच्याच्या हातात कप नसला की त्यांच्या घशाखाली घोटच उतरत नाही. आता ही खोड चांगली की वाईट, तुम्हीच ठरवा.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटातल्या अस्तरावर कॅन्सरच्या बारीक गाठी पसरलेल्या निघाल्या. केमो झाली. गाठी पुरेशा आटल्या असतील तरच ऑपरेशन, नाहीतर नाही. आणि ते सांगणार होता सीटी स्कॅन. शहरात मनीषनगरला दिलेली त्यांची लेक मिनल त्यांना स्कॅन सेंटरवर घेऊन आली. तिथल्या कामिनी टेक्निशियननं औषध घातलेल्या दीड लिटर पाण्याची बाटली हातात दिली. हे प्यायलं की आतडी उठून दिसतात, त्यांच्याआड गाठ लपत नाही, असं नीट समजावलंही.

मिनल फॉर्म भरून आली तर बाटली रिकामी. शेजारच्या खुर्चीवरच्या देवकीबाई सोनोग्राफीसाठी आलेल्या, त्यांना भरपूर पाणी प्यायचंच होतं. सुभद्राबाईंनी अर्धी बाटली त्यांना पाजली होती.

"समोर बाई बसली आहे, तिले न देता कशी पिऊ वं?" त्या म्हणाल्या.

कामिनीनं कपाळावर हात मारला. आधी देवकीबाईंना कसली अॅलर्जी नाही ना, ते विचारलं, मग सुभद्राबाईंना चांगलं झापलं. नंबर दुपारवर गेला. दुसरी बाटली त्यांनी भिंतीकडे तोंड करून संपवली. कोणी दिसलं असतं तर बाटली पुन्हा पुढे झाली असती.

दोन दिवसांनी सर्जननं चित्रं दाखवली. पूर्वी अस्तरभर असलेले ठिपके आता मोजकेच उरले होते. ऑपरेशन करता येईल, तो म्हणाला. पण फार बारीक गाठी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, खरं काय ते पोट उघडल्यावरच कळेल, आणि खराब अस्तर सोलून काढायला दहा तासही लागतील, हेही त्यानं लपवलं नाही. मिनलचे डोळे भरून आले. सुभद्राबाईंचा आनंद मात्र पोटात मावेना. इतकं सहन होईल का, असं सर्जननं विचारलं, तेव्हा त्या त्याच्याकडे काळजीनं पाहू लागल्या.

"मी तं झोपूनच राहीन, डॉक्टरसाहेब. दहा तास उभं तुमाले राहायचं आहे. तुमचं जमन का, ते सांगा."

जमेल, असं म्हणून त्यानं तारीख लिहून दिली.