दौलतमामांच्या नावाची आंघोळ

आमच्या दिग्रसच्या घरात दौलतमामांच्या नावाची आंघोळ झाली, तेव्हा घरातल्या एकाही माणसानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसं? ते कादंबरीतले होते!

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागे, मी नवी सून असतानाची. माहेरी अमरावतीला वक्तृत्वाची बक्षिसं मिळवल्यामुळे स्वतःच्या आवाजाबद्दल माझं मत फार चांगलं होतं. (अजूनही आहे.) उन्हाळ्यातल्या दुपारी सासूबाई, नणंद शांता आणि शेजारच्या जनाकाकू ओसरीवर शेवया करायला बसत आणि मी त्यांना वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवी. त्यामुळे शेवयांतून माझी आपोआप सुटका झाली.

कादंबरीतल्या सुमतीला घरचे एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधायला निघालेले, आणि तिच्या बाजूनं एकटे उभे ते तिचे दौलतमामा. मोठ्या मिशा, गडगडाटी आवाज, खिशात सदा भुईमुगाच्या शेंगा! मामा आले की सासूबाईंचे हात थांबत. "आता पाह्यजा, कशी जिरवते मामा एकेकाची!" शांताचा तर त्यांच्यावर देवासारखा भरवसा. तिला आधी नकार आलेले, आणि आता पुसदचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. मुलगा तिनं एका लग्नात पाहिलेला. "वहिनी, हे जमलं पाह्यजे वं," ती म्हणाली. मी तिच्यासाठी मंगलाष्टकंसुद्धा रचून ठेवली होती, आणि ती मीच म्हणणार होते.

पाहुणे यायचे त्या दुपारी सासूबाई म्हणाल्या, "खिरीपुरत्या शेवया होतवर वाच थोडं." मी चौथं प्रकरण उघडलं. आणि त्या लेखकानं, एवढी जाडजूड कादंबरी पुढे पडलेली असताना, दौलतमामांना तिथंच मारलं! सुमतीच्या दारात, खिशातल्या शेंगा पायरीवर सांडून! दुसरी एखादी बाई अशा वेळी आवाज खाली घेते. मी वर नेला. मामांचं शेवटचं "सुमेऽऽ" मी असं म्हटलं, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

जनाकाकूंनी हंबरडा फोडला. सगळ्यांचे हात पिठात, डोळे पुसायची सोय नाही, म्हणून सगळं रडणं आवाजातूनच निघालं. "आता सुमतीचं कसं होईन वं!" म्हणत शांता स्वतःसाठीच रडत होती. सासूबाई उठल्या, विहिरीवर गेल्या आणि लुगड्यासकट डोक्यावर बादली ओतून आल्या.

"आई, हे काय?"

"मामाच्या नावाची आंघोळ. अन् आज चूल नाही पेटत. सुतकात खीर करते का कोनी?"

"अहो, पाहुणे येणार!"

"येऊ दे. त्यायले काही मामा नव्हते काय?" असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

जनाकाकू "चांगला मानूस गेला वं!" करत रस्त्यानं घरी गेल्या. आमच्या आळीत एक रीत होती. मयताच्या घरी 'कोण गेलं' असं विचारत नाहीत. मुकाट्यानं जाऊन बसायचं, आणि घरात कोण दिसत नाही ते पाहून समजून घ्यायचं. आमचे हे अंगणात सतरंजी अंथरत होते; दिसत नव्हते फक्त माझे सासरे! (ते पाहुण्यांना आणायला बसस्टँडवर गेले होते.) बघता बघता अंगण भरलं. घराघरातून पिठलं-भाकरी आली. मला वाटलं, आळी नवरदेव बघायला जमली आहे आणि चूल बंद म्हणून शेजारणी धावून आल्या आहेत. मी प्रत्येकीला हसून म्हणत होते, "बरं झालं, आलात!"

"सुनेले काहीच दुःख नाही वं," कोणीतरी कुजबुजलं.

एवढ्यात सासरे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन आले. दारात गर्दी पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण रीत ती रीत! न विचारता मान खाली घालून ते पाहुण्यांसह मागच्या रांगेत बसले. पुढे जनाकाकूंचे किसनकाका बसले होते. ते मागे न बघताच म्हणाले, "मानूस मोठा चांगला होता. जराक चिकट होता, पन चांगला."

"कोन चिकट?" सासऱ्यांनी विचारलं.

किसनकाकांनी वळून पाहिलं आणि ते थेट तुळशीवृंदावनावर जाऊन आपटले! मग जो गोंधळ झाला, त्यात मुलाची आई उठून उभी राहिली. "चला. अशा घरी पोरगी पाहत नाही आपन." दाराआड शांताचा चेहरा दिसला. मी पुढे झाले.

"घरातलं कोणी गेलं नाही! दौलतमामा गेले!"

"कोन लागते ते तुमचे?"

ओल्या केसांनी बाहेर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सुमतीचे मामा."

"अन् सुमती कोन?"

मी पुस्तक पुढे केलं. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसल्या. "वाच."

मी वाचलं. "सुमेऽऽ" आलं तेव्हा गाय पुन्हा उठली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आळीनं आणलेली भाकरी जेवल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकातल्या मानसासाठी ज्या घरची चूल इझते, तिथली पोरगी आमच्या घरी कोनाले उपाशी नाही ठेवनार. पसंत हाय!"

मला इतका आनंद झाला, की मी तिथंच जाहीर केलं, "मंगलाष्टकं मी म्हणणार!"

विहीणबाईंनी हात जोडले. "नको वं माय! मले नवरदेव जिता पाह्यजे!"

शांताचं लग्न थाटात झालं. अंतरपाट धरला, तसा सासूबाईंनी माझ्या तोंडात एक अख्खा लाडू कोंबला आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत माझ्या शेजारून हलल्या नाहीत. पुसदकडचे लोक अजून आठवण काढतात, "दिग्रसची सून लय गुनाची, भर मांडवात एक शब्द बोलली नाही!"