पहिला लॉट रिलीज करताना

शाळेत ‘रिलीज’चा अर्थ मी ‘सोडणे, मुक्त करणे’ असा घोकला होता. उदाहरणाला पिंजऱ्यातला पोपट. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसले, तेव्हा कळलं की हे क्रियापद इथं दिवसभर राबतं. “लॉट रिलीज करा की!” “हा रिलीजला थांबलाय.” “कुणी रिलीज केला हा?” हे शेवटचं वाक्य आलं की सगळे छताकडं बघायचे. कारण रिलीज म्हणजे कार्डावर सही, आणि पुढं माल कसाही निघो, बोलणी खाणार सही करणारा.

तीन वर्षं मी नुसतं तपासलं; सही साहेबांची. एका सकाळी साहेबांनीच कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. “आजपासून रिलीज तुम्ही करा.” मला उड्या माराव्याशा वाटल्या! टेबलाखाली पाय नाचवून घेतले.

पहिल्याच कार्डावर विणकराचं नाव बघते तर आमचे नान्ना. माझे वडील! तीस वर्षं मागावर उभे, त्यांचा माल अडवायची आजवर कुणाची टाप नव्हती. मी खुशीत टॉवेल उलगडत गेले आणि सातव्यावर आडवी फट दिसली. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटलेला, माग थांबवायच्या आत पुढं विणलेलं. तशी बारीकच, डोळेझाक केली असती तर खपून गेली असती. सही केली तर पहिल्याच दिवशी खोटी, नाही केली तर वडिलांचं हसं.

मी लॉट अडवला.

दहा मिनिटांत नान्ना टेबलापाशी हजर. घरी तेलुगूत बोलणारे नान्ना सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले, “कुठाय?” मी बोट ठेवलं. त्यांनी टॉवेल उजेडात धरला. मग सगळा गठ्ठा ओढून स्वतःच एकेक उलगडायला लागले.

“आणि हा?” मी तपासून ठेवलेल्यातलाच आणखी एक टॉवेल माझ्यापुढं टाकत ते गरजले. “हा दिसला नाही होय तुला?”

लाजेनं कान तापले. ते दोन्ही टॉवेल बाजूला काढून, बाकीचे पुन्हा तपासून मी सही केली. नान्ना तडक विणाईत परतले. मला वाटलं, आता घरी आठवडाभर अबोला. तेवढ्यात मागांच्या खडखडाटावर त्यांचा आवाज चढला, “नीट बघून विणा रे! रिलीजला माझी पोरगी बसलीय!”