वाईट बोलणाऱ्याची शाल

आपल्या गाण्याला नावं ठेवणाऱ्याचा शाल-नारळ देऊन सत्कार करणारा गायक साऱ्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मखमलाबादच्या पुढे त्यांचा झेंडूचा मळा आहे आणि त्या मळ्यात हा गृहस्थ गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं रॉक गातो आहे. सत्तरी जवळ आली. पांढरे केस खांद्यापर्यंत, ते हार ओवायच्या दोऱ्याने मागे बांधलेले, त्यावर पांढरी टोपी, आणि थंडी पडली की टोपीच्या जोडीला काळं चामडी जाकीट. फूलबाजारात क्रेट उतरवताना नवखा माणूस त्यांच्याकडे दोनदा वळून पाहतो. जुने लोक एकदाही पाहत नाहीत, कारण नजरानजर झाली की साडू क्रेट खाली ठेवतात आणि नवीन गाणं ऐकवतात.

हे वेड त्यांना देवळाली कॅम्पात लागलं. तरुणपणी ते सायकलवरून तिथल्या साहेब लोकांच्या मेसमध्ये फुलं पोचवायचे. आत रेकॉर्ड लागलेली असायची. फुलदाण्या भरायला दहा मिनिटं पुष्कळ झाली, हे दीड तास लावायचे. पुढे बँडमधल्या एका गोवेकराने त्यांना गिटार शिकवली आणि त्याच्या घरच्या मेरीच्या तसबिरीला वर्षभर आमच्या साडूंच्या मळ्यातले हार गेले. त्या गाण्यांतले इंग्रजी शब्द त्यांना तेव्हाही कळत नव्हते आणि आजही कळत नाहीत. त्यांचं म्हणणं, माणूस तळमळून ओरडतोय एवढं कळलं की पुरे. मग त्यांनी शब्द आपल्या घरचे घातले. ‘करपा’ या गाण्यात तो एकच शब्द ते सव्वीस वेळा ओरडतात, आणि ज्याच्या पिकावर करपा पडून गेलाय त्याच्या अंगावर खरोखर काटा येतो. सगळ्यांत गाजलं ते ‘थ्री फेज’. त्यात शेतावर वीज येते, माणूस धावत विहिरीवर जातो, आणि ‘मोटार’ या शब्दावर सूर असा काही वर चढतो की वीज पुन्हा गेली हे वेगळं सांगावं लागत नाही.

या गाण्यावरून गावात उघड दोन तट आहेत. शेजारच्या एकाच म्हशीबद्दल दोन मतं आहेत. मालक म्हणतो, गाणं सुरू झालं की ती पान्हा चोरते. मालकीण म्हणते, पाव लिटर जास्त देते. म्हशीचं मत कुणी विचारलेलं नाही. माझ्या घरातही फाळणीच आहे. बायकोच्या मते दाजी म्हणजे देवमाणूस, फक्त त्यांनी तोंड उघडू नये. मी गणिताचा मास्तर, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ते गाणं मला आवडतं, अगदी मनापासून आवडतं, आणि इतके दसरे ऐकून कुठे काय येतं ते पाढ्यांसारखं पाठ झालं आहे. विरोधी तटाचे पुढारी म्हणजे साडूंचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते भजनी मंडळात वीणा घेऊन उभे राहतात. ‘गळा बापानं दिला, यानं त्याचा फवारणीचा पंप केला,’ हे त्यांचं मत, आणि ते कुणी न विचारताही मिळतं.

कार्यक्रम वर्षातून एकदाच होतो, दसऱ्याला. आधीचे दोन दिवस मळ्यात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. दसऱ्याला दुपारपर्यंत सगळा झेंडू बाजारात जातो, संध्याकाळी एकमेकांना सोनं देऊन होतं, आणि मग रिकाम्या शेडमध्ये उरलेल्या फुलांच्या माळा लावून साडू गायला उभे राहतात. शेवटचं गाणं झालं की गिटार खाली ठेवून म्हणतात, ‘आता बोला.’ ज्याला जे खटकलं असेल ते त्याने उभं राहून सांगायचं. नुसतं ‘बेकार’ म्हणून चालत नाही, कुठे आणि काय ते सांगावं लागतं. सगळ्यांत वाईट जो बोलेल त्याला शाल. ही शाल सलग नऊ वर्षं दादांनी मिळवली आहे. त्यांच्या सुनांना आता थंडीचं भय उरलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं की कौतुक करणाऱ्याला का काही देत नाही. साडू म्हणाले, ‘गुरुजी, वाईट बोलायला गाणं नीट ऐकावं लागतं. चांगलं काय, कुणी पण बोलतं.’

या वर्षी श्रावणात त्यांचा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी गळ्यात लहानशी शस्त्रक्रिया केली आणि महिनाभर बोलायला बंदी घातली. साडू पाटी घेऊन मळ्यात फिरायचे. मजुरांना त्यांचं अक्षर लागेना, तेव्हा पाटीवर फुलं काढून दाखवायचे. मग आवाज परत आला, पण गाण्याचं काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हार ओवायला गेलो होतो. साडू सुईत दोरा घालत हळूच म्हणाले, ‘यंदा गातो. दादानं नावं ठेवली तर अजून गाणं शिल्लक हाय म्हणायचं. नायतर गिटार भिंतीला. लोकं दया करायला लागली की थांबावं.’ माझ्या हातातला हार अर्धाच राहिला.

त्यांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. सकाळीच साडूंच्या बायकोने, म्हणजे आमच्या आक्काने, घरोघरी निरोप धाडला होता की यंदा कुणी वाकडं बोलू नका, त्यांचं मन मोडेल. तिने दादांकडून तर देवापुढे वचन घेतलं होतं. मलाही बजावलं होतं, पण नुसतं जाता जाता; माझी तिला काळजीच नव्हती. मी तिला साडूंचं बोलणं सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही.

दसऱ्याला शेड भरली. साडू जाकीट घालून उभे राहिले. ‘करपा’ खरखरत का होईना, पार पडलं. ‘थ्री फेज’ला मी श्वास धरून बसलो. ‘मोटार’ आलं, आणि सूर वर गेलाच नाही. त्यांनी तो मधूनच खाली वळवला आणि वर नुसती गिटार जोरात वाजवली. मला रडू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

‘आता बोला,’ ते म्हणाले. कुणी म्हणालं छान झालं, कुणी म्हणालं मागच्यापेक्षा बरं. म्हशीच्या मालकानेही मान डोलावली. साडू दादांकडे बघत राहिले. दादा उठले, टोपी नीट केली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, ‘चांगलं झालं. आवाज हाय तसाच हाय.’

साडूंनी उलगडलेली शाल सावकाश घडी करायला घेतली. एक घडी झाली, दुसरी झाली. तिसरीला मी उभा राहिलो. आक्काचे डोळे मला टोचत होते.

‘भाऊ, ‘मोटार’चा सूर लागला नाही,’ मी म्हणालो. ‘तुम्ही तो खाली वळवलात आणि वर गिटार बडवून झाकलंत. मला आवडलं नाही.’

साडू माझ्यासमोर आले. ‘पयल्या कडव्यात का दुसऱ्या?’

‘दोन्हीत.’

‘बराबर,’ ते म्हणाले, आणि शाल माझ्या खांद्यावर टाकली. त्यांचा चेहरा माणसात आला होता. तेवढ्यात मागून दादांचा आवाज आला की आता वचन गेलं खड्ड्यात, आणि त्यांनी ‘करपा’तल्या सहा चुका ओळीने मोजून दाखवल्या. शाल-नारळ दोघांत वाटून द्यावं असा निवाडा झाला. दादांनी नारळ नेला.

आक्का माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. मग तिने एक दिवस शेवंतीची टोपली पाठवली, सोबत निरोप काहीच नाही. साडूंचा फोन मात्र दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाला. रोज सकाळी सहाला ते मळ्यातून फोन करतात, कसे आहात वगैरे काही नाही, थेट ‘मोटार’ गातात आणि विचारतात, ‘आज?’ मी म्हणतो, ‘अजून नाही.’ ‘बरं,’ म्हणून ते फोन ठेवतात आणि कामाला लागतात.

तो सूर आता लागायचा नाही. हे मला कळतं आणि माझ्या आधी त्यांना कळलेलं असणार. एखाद्या सकाळी ‘लागला, भाऊ’ असं म्हणून टाकावं असं फार वाटतं. पण ते म्हटलं की दुसऱ्या दिवशी फोन येणार नाही. म्हणून मी रोज पावणेसहाला चहा करून घेतो आणि ‘अजून नाही’ म्हणायला फोनजवळ जाऊन बसतो.