खिडकीपाशी व्हेलॉसिटी झिरो

कापसाच्या हंगामात यवतमाळात कपड्यांना तंतू चिकटतात, तसे आमच्या स्टाफरूमचे किस्से मला चिकटलेत. झटकायचाही कंटाळा आलाय. बरेचसे आमच्या गणिताच्या हेडचे, नानासरांचे.

*

डायनॅमिक्स शिकवताना नानासर स्वतःच पार्टिकल होतात. दारातून निघायचं, खिडकीपाशी थांबायचं, वळून परत यायचं. थांबले की म्हणणार, "व्हेलॉसिटी झिरो, म्हणून ॲक्सिलरेशनही झिरो."

मी त्यांची विद्यार्थिनी होते, तेव्हा उठून विचारलं होतं, "सर, तिथं ॲक्सिलरेशनही नसेल, म्हणजे वेग बदलतच नसेल, तर तुम्ही परत कसे येता?"

"पायानं," सर म्हणाले. "तू उभीच राह्य."

तास संपेपर्यंत उभी होते.

*

एम.एस्सी. होऊन त्याच कॉलेजात लेक्चरर झाले. मागितलं डायनॅमिक्स, मिळालं अल्जिब्रा.

"लग्न झालं का तू जाशील नागपूरले. पोरायचा पार्टिकल अर्ध्या रस्त्यात."

"सर, पेपर वर्षभराचा आहे. नवरा इतक्या लवकर सापडत नाही."

"मंग वर्षभर माझ्या तासाले मागं बस. ऐक. मंग पाहू."

म्हणजे मी, लेक्चरर, मागच्या बाकावर. पोरांनी सरकून जागा दिली. त्यांनाच लाज वाटली.

*

परीक्षेच्या कामाला आम्ही दोघं एसटीनं वणीला निघालो. चढावर इंजिन बंद पडलं. गाडी मंदावत मंदावत थांबली.

नानासर पिशवी घेऊन उठले. "थांबली. चला, उतरा."

गाडी मागं घसरायला लागली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि सर मागच्या बाईच्या वांग्यांच्या टोपल्यात बसले.

"बसा न बाप्पा," ती म्हणाली. "थांबली कुठी अजून?"

 

*

परत आल्यावरचा पहिला तास. मी मागच्या बाकावर. सरांनी पार्टिकलचं समीकरण लिहिलं, x = 6t − t². एकदा डेरिव्हेटिव्ह काढून व्हेलॉसिटी काढली, 6 − 2t. तिसऱ्या सेकंदाला शून्य. मग दारातून निघाले, मंदावत खिडकीपाशी थांबले.

"व्हेलॉसिटी झिरो. म्हणून..."

पुढचं वाक्य सगळ्या वर्गाला पाठ होतं. ते आलं नाही. सर खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत त्यांनी खडू मागं धरला.

"बाई, पुढलं तुम्ही घ्या."

मी गेले. पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढलं. ॲक्सिलरेशन, मायनस दोन. शून्य नाही. रोख दाराकडे.

"सर, या आता परत."

"येऊन राह्यलो न," सर म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. "कायले घाई करता?"