काठोकाठ भरलेल्या बाटल्या

“अहो अक्का, पाच दिवसांत पाच बाटल्या परत! आबांनी औषधाला तोंडच लावलं नाही का?”

धुळ्याच्या सरकारी इस्पितळात औषधांच्या खिडकीतून मी असा ओरडलो की, भुसावळला सुटलेली गाडी थांबली असेल.

पारोळ्याकडची ती बाई. नवरा खोकल्याच्या वॉर्डात. रोज सकाळी ती बाटली पदराने पुसायची आणि दोन्ही हातांनी, देवापुढे ठेवावी तशी खिडकीत ठेवायची. बाटली काठोकाठ भरलेली. वॉर्डातून न वापरलेलं औषध परत आलं की ते मोठ्या बरणीत ओतायचं, हा आमचा शिरस्ता. मी नवा कंपाउंडर, इमानाने ओतत होतो आणि त्याच बरणीतून अख्ख्या वॉर्डाला पाजत होतो.

“त्यास्नी बठ्ठं पिधं ना भाऊ, थेंब बी ठेवा नही,” ती म्हणाली. “पण रिकामी बाटली वापस कशी देऊ? आमना गावमा तशी रीत नही शे. गूळ-आल्याचा काढा भरी आणस.”

मी वळून मोठ्या बरणीकडे पाहिलं. नोकरी गेली! सरकारला काही भरून परत देणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. आणि नेमकं ते माझ्याच खिडकीत यावं!

तेवढ्यात मागून डॉक्टरसाहेब खोकत आले. “त्या वॉर्डात खोकला ऐकूच येत नाही. काय पाजलंत?”

मी बरणीसकट सगळं कबूल केलं. “साहेब, माझी नोकरी?”

“आधी मला एक बाटली भरून द्या.”