दुसऱ्या पानापासून वाचणाऱ्या विमलताई

विमलताईंची माझी पहिली भेट बऱ्हाणपूरच्या कॉलेजात झाली. त्या तिथे शिकवत, मी एम. ए.ला होते, एका जुन्या कादंबरीवर तासभर बोलायच्या तयारीनं गेले होते. ताईंनी विचारलं, "छापली कोणी?" मला ठाऊक नव्हतं. "आधी दुसरं पान बघून ये. गोष्ट कुठे पळत नाही."

बायकांचं मराठी लेखन कोणी छापलं, कोणाच्या नावानं छापलं, हा ताईंच्या अभ्यासाचा विषय. जुन्या मासिकांत बाई 'सौ.' आणि आडनाव एवढीच उरते. तिचं नाव शोधायला ताई केळीच्या ट्रॅक्टरवर बसूनही गेल्या आहेत. माझा प्रबंध बाळंतपणात अडला, तेव्हा रोज दुपारी त्या घरी येत, लेकीला मांडीवर घेत आणि मला आत लिहायला पिटाळत.

'सौ. पाटील, बहादरपूर' यांच्या कथा ताईंनी गोळा केल्या. बाई हयात आहेत, असं कळलं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावाचं पुस्तक निघावं, असा ताईंनी ध्यासच घेतला. आम्ही घर गाठलं. ताईंनी दारात विचारलं, "पाटीलबाई आहेत का?" घरच्यांनी थोरल्या सखूबाईंना पुढे केलं. कथांचा विषय निघाला की त्या नुसत्या हसत. ताईंना तो विनय वाटला.

पुस्तक छपाईला गेलं. आम्ही शाल घेऊन पुन्हा गेलो. सखूबाईंनी शाल नीट पांघरून घेतली, नारळ मांडीवर ठेवला आणि मग म्हणाल्या, "शाल लय छान हाये, बाई. पन गोष्टी माह्या नाही, लहानीच्या हायेत. मी चूल पाहे, म्हनून तिले लिह्याले फुरसत भेटे."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही पाटीलबाई इचारली. मी हायेच की."

त्यांच्या धाकट्या जाऊबाई गिरजाबाई दाराआड पदरात हसत होत्या. आडनावात बाई हरवते, हे जन्मभर शिकवणाऱ्या ताई डोळे पुसावे लागेपर्यंत हसल्या. ओट्यावरूनच त्यांनी प्रेसला फोन लावला, "छपाई रोको भैया, नाम बदलना है."

पुस्तक गिरजाबाईंच्या नावानं निघालं. मुखपृष्ठावरच्या आपल्या नावावरून त्या कितीतरी वेळ बोट फिरवत होत्या. दुसऱ्या पानावर, मुद्रक-प्रकाशकांच्या खाली, ताईंनी एक ओळ वाढवली होती : 'चूल : सखूबाई पाटील'.

ताईंनी पंचाहत्तरी गाठली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, अजून पुष्कळ 'सौ.' त्यांची वाट बघताहेत. माझा प्रबंध आता पुस्तकरूपानं येतो आहे. ताई तो सवयीनं दुसऱ्या पानापासूनच उघडतील. तिथे छापलं आहे : 'मूल सांभाळलं : विमलताई'.